अल्प दाबाच्या उपकरणांची उच्चदाब रोधन चाचणी

वाराणसीचा अहिल्याबाई घाट इंदूरच्या अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात गंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या व्यापते. त्वचा ओली असल्यास शरीराचा विद्युतरोध घटतो. त्यामुळे नदीकाठी वापरावयाचे दिवे व ध्वनिवर्धक यांचे विद्युतरोधन निर्दोष असणे अत्यावश्यक ठरते.

उपकरण १२ व्होल्टवर चालत असले, तरी त्याचा अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टच्या वाहिनीला जोडलेला असतो. ही वीज आणि वापरणाऱ्याचा हात यांच्यामध्ये अ‍ॅडॉप्टरमधील रोधनाचाच अडसर असतो. वीज कोसळल्यास किंवा मोठी यंत्रे बंद-चालू करताना वाहिनीवर क्षणभर हजारो व्होल्टचा दाब येऊ शकतो. त्यामुळेच अशा प्रबलित रोधनाची चाचणी साधारणपणे ३,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर घेतली जाते. नमुन्यावर हा दाब एक मिनिट ठेवतात. गळतीचा प्रवाह एकाएकी वाढल्यास नमुना अनुत्तीर्ण ठरतो.

नाजूक भाग जळू नयेत, यासाठी आत येणाऱ्या विजेची टोके एकत्र जोडतात, बाहेर जाणाऱ्या विजेची टोकेही एकत्र जोडतात आणि या दोन गटांमध्ये दाब देतात.

ही चाचणी वारंवार केल्यास रोधन क्षीण होते. म्हणून ओल लागलेल्या वायरिंगची तपासणी मेगरने, ५०० व्होल्ट एकदिश दाबावर करतात. त्यावेळी इलेक्ट्रॉनिक उपकरणे काढून ठेवतात. २३० व्होल्टच्या वायरिंगचा रोध किमान १ मेगओहम असावा लागतो.