गाठीवरची खूण: इम्युनोथेरपी कोणाला लागू पडते?



ओल्ड एअरपोर्टमधल्या आपल्या घरांत गावाकडून कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा बायोप्सीचा रिपोर्ट येतो. पाठोपाठ निरोप येतो, "डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणतायत, पैशांचं बघावं लागेल." आज या उपचाराचा इतिहास पाहू. पैसे पाठवण्याआधी काय विचारायचं, ते त्यातच सापडेल.

सन १८९१. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या रुग्णाला मुद्दाम जंतूंचं इंजेक्शन दिलं. जंतुसंसर्गाचा ताप येऊन गेल्यावर एकाची गाठ विरघळल्याची जुनी नोंद त्यांनी वाचली होती. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करायची, हा हेतू. काही रुग्ण सुधारले, बरेचसे नाही. कोण सुधारेल हे आधी कसं ओळखायचं, याचं उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९२ मध्ये, जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ सापडलं. हा आपल्या संरक्षक पेशींवरचा ब्रेक. गाठ तोच ब्रेक दाबून स्वतःला वाचवते. ब्रेक सोडवणारी औषधं आली आणि २०१८ मध्ये होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना नोबेल मिळालं. पण कोलींचा प्रश्न तसाच होता. गाठ संरक्षक पेशींच्या नजरेतच आली नसेल, तर ब्रेक सोडून काय उपयोग?

मोठं उत्तर २०१५ मध्ये मिळालं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि तिच्यातल्या चुका एक यंत्रणा दुरुस्त करते, अगदी मुद्रितशोधकासारखी. काही गाठींत ही यंत्रणाच बिघडलेली असते. चुका साठत जातात आणि गाठ शरीराला परकी वाटू लागते. जॉन्स हॉपकिन्सच्या डंग ले यांच्या चमूने आतड्याच्या कर्करोगात हे तपासलं. बिघाड असलेल्या १० पैकी ४ रुग्णांच्या गाठी आकसल्या. बिघाड नसलेल्या १८ पैकी एकाचीही नाही. औषध तेच होतं. मे २०१७ मध्ये अमेरिकेने या खुणेवर औषध मंजूर केलं, मग गाठ कुठल्याही अवयवाची असो. असं प्रथमच घडलं.

या इतिहासात आपलं दोहाही आहे. २०२३ मध्ये सिद्रा मेडिसिनच्या संशोधकांनी आतड्याच्या कर्करोगाच्या ३४८ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नमुने नेदरलँड्समधल्या लायडनचे होते. २० जनुकांची हालचाल आणि गाठीतले जिवाणू एकत्र पाहिले, तर रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येतो, असं त्यांना दिसलं. औषध द्यायचं की नाही, हे मात्र अजून या खुणेवर ठरत नाही.

आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल? तिथल्या डॉक्टरांनी खर्चाचा प्रश्न हाती घेतला. तोंड-घशाच्या वाढलेल्या कर्करोगात निवोलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, कमी खर्चाच्या गोळ्यांच्या जोडीला. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, निवोलुमॅबसह ४३.४ टक्के.

तर मंडळी, तसा निरोप आला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला सांगा. एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली का? या कर्करोगात पीडी-एल१ पाहतात का, आणि पाहिलं असेल तर किती आलं? कमी डोसचा पर्याय आहे का? तपासणीसाठी दर वेळी नवी बायोप्सी लागत नाही; पॅथॉलॉजी लॅबमध्ये जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक बहुधा पुरतो. खूण सापडली म्हणजे हमी मिळाली असं नाही, आणि पीडी-एल१ कमी आलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. पण न विचारता घर गहाण टाकण्यापेक्षा विचारून घेतलेला निर्णय केव्हाही बरा.