मशीनचा नंबर आणि दुकानदाराची वही

घरात जुनं सिंगर शिलाई मशीन असेल तर त्यावरचा नंबर बघा. त्यावरून ते कुठल्या कारखान्यात, साधारण कोणत्या साली बनलं हे काढता येतं. पण नंबर कारखान्याच्या फाटकाशीच थांबतो. तुमचं संशोधन त्यापुढे सुरू होतं.

सिंगरने १८५० च्या दशकात अमेरिकेत हप्त्याने विक्री सुरू केली. पुढे भारतातही मशीन हप्त्यावर मिळू लागलं. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) या पुस्तकात भारतातल्या अशा छोट्या यंत्रांचा इतिहास मांडला आहे.

आता प्रश्न तुमच्या गावाचा. हप्ता कोणत्या महिन्यात थकायचा? दुरुस्तीला काय काय यायचं? सुट्या भागासाठी मशीन किती दिवस पडून राहायचं? हे कंपनीच्या जाहिरातीत सापडत नाही, दुकानदाराच्या वहीत सापडू शकतं. मात्र वही वाचताना सावध राहा: नाव नवऱ्याचं आणि मशीन चालवणारी बायको, असंही असेल. घरीच केलेली दुरुस्ती तर वहीत येतच नाही. म्हणून वहीसोबत माणसांनाही विचारा.

आणि उशीर करू नका. दुकान बंद झालं की वह्या रद्दीत जातात.