मुंबईतला १८३२ चा श्वानदंगा
मुंबईत बेवारस कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा नियम १८१३ साली झाला. वर्षातल्या ठरावीक दिवसांत, मुख्यतः उन्हाळ्यात, रस्त्यावरची कुत्री मारण्याची मुभा त्याने पोलिसांना दिली. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली आणि मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरले. गरिबाला ही रक्कम मोठी होती. मग मारेकरी लोकांच्या घरांत घुसू लागले आणि पाळलेली कुत्रीही सुटेनात.

६ जून हा त्या वर्षी पारशांचा पवित्र दिवस होता. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. हा विधी म्हणजे सगदीद. अशा दिवशी कोटात, म्हणजे फोर्ट भागात, कुत्री मारली जाताना पाहून सुमारे २०० पारशांच्या जमावाने दोन गोऱ्या कॉन्स्टेबलांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन आणि इस्माइलीही त्यात उतरले. कुलाब्याच्या पलटणीकडे निघालेले पाव, मांस आणि पाणी वाटेतच अडवले गेले. शेवटी फौज आली, धरपकड झाली. हा दंगा केवळ धर्मभावनेचा मानणे अपुरे आहे. सरकारचा माणूस विचारल्यावाचून उंबरठा ओलांडतो, हा संताप सर्वांचाच होता, म्हणून तर इतर समाजही सामील झाले.

जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेठ मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. कुत्री मारण्याऐवजी पकडून गावाबाहेर न्यावीत, असा तोडगा निघाला. जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये भुलेश्वरला अशा बेवारस जनावरांना आसरा देणारी पांजरापोळ उभी राहिली. ती आजही चालते.

तरीही पुढे पालिकेची कुत्रेमार मोहीम १९९४ पर्यंत चालूच राहिली. त्यानंतर नसबंदी आली. २००१ च्या केंद्रीय नियमांनी कुत्र्यांच्या उपद्रवाच्या तक्रारी घेण्यासाठी वेगळा कक्ष नेमायला सांगितले, पण नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रा पकडला त्याच जागी सोडायचा, असेही ठरवले. त्यामुळे रात्रीच्या भुंकण्याने हैराण झालेल्या तक्रारदाराच्या गल्लीत तेच कुत्रे परत येई. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली. लाउडस्पीकर बंद करायला त्याचा मालक सापडतो. बेवारस कुत्र्याच्या आवाजासाठी नोटीस बजावायला मात्र कोणीच नसते.