दोरा आणि महासागर



दोन दूरच्या शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न शाळेंतील मुलांस सोपा वाटतो. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवावी, इंच मोजावे आणि प्रमाणानें गुणावें. शिक्षकाच्या पेशांतील पहिलीं कांहीं वर्षें मींहि असेंच शिकविलें. माझी चूक एका वैमानिकाची हकीकत वाचतांना उमगली. तीच आज आपणांस सांगतों.

न्यूयॉर्क व पॅरिस यांमधील प्रवास वाटेंत न थांबतां विमानानें करणारास २५,००० डॉलरांचें बक्षीस १९१९ सालीं जाहीर झालें होतें. तें मिळविण्यासाठीं १९२७ सालीं चार्ल्स लिंडबर्ग हा पंचवीस वर्षांचा टपाल-वैमानिक सान दिएगो येथें विमान बांधवून घेत होता. पेट्रोल किती न्यावें? फार घेतलें तर विमान जमीन सोडणार नाहीं; कमी घेतलें तर खालीं समुद्र आहेच! तेव्हां तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन त्यानें पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्यें दोरा ताणला व मोजला. अंतर भरलें सुमारें ३,६०० मैल.

नकाशा असतां दोरा कशाला? मर्केटरनें १५६९ सालीं काढलेला नकाशा खलाशांस दिशा बरोबर दाखवितो. परंतु विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगवितो. त्यावरील सरळ रेघ ही सर्वांत जवळची वाट नव्हे. गोलावर ताणलेला दोरा मात्र आपोआप जवळची वाट धरितो. तिला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या मध्याशीं या दोन शहरांमधील कोन सुमारें ५२ अंश. दर अंशास ६९ मैल धरून गुणाकार केला, तर दोऱ्याचेंच उत्तर येतें. नकाशावरील सरळ रेघेनें गेल्यास सुमारें १४० मैल अधिक पडतात. तासीं शंभर मैल जाणाऱ्या त्या विमानास जवळजवळ दीड तास!

पण या वाटेवर दिशा सारखी बदलते. म्हणून लिंडबर्गनें तिचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाची दिशा आधींच गणितानें काढून ठेविली.

८ मे रोजीं नुंगेसेर व कोली हे दोघे फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले, ते पुन्हां दिसलेच नाहींत. २० मेच्या सकाळीं लिंडबर्ग एकटाच निघाला. धुकें, वारा आणि अनावर झोप यांतून जात दुसऱ्या दिवशीं तो आयर्लंडच्या किनाऱ्याशीं पोहोंचला, तों आंखलेल्या वाटेपासून अवघे कांहीं मैल दूर! साडेतेहतीस तासांनीं तो पॅरिसला उतरला, तेव्हां सुमारें ४५० गॅलनांपैकीं ८५ गॅलन पेट्रोल शिल्लक होतें.

आतां हें गणित यंत्रें क्षणांत करितात. तरीहि घरीं पृथ्वीचा गोल असेल, तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून मुलांस दाखवावा. तो स्वीडन-नॉर्वेवरून गेलेला पाहून तीं चकित होतील, आणि ‘असें कां?’ म्हणून विचारतील. माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न विचारण्याची संधि मीं दिली नाहीं, याची खंत मला अजून आहे.