ग्रंथालयाची वाटणी

निवडणूक भाषेवर लढवली जाते म्हणजे काय होतं, हे बेळगावकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे महाजन आयोगाचा अहवाल आला तो १९६७च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, दूर बेल्जियममध्ये, भाषेच्याच तंट्यावरून एक सरकार कोसळलं. ही हकीकत मी फार उशिरा वाचली. पण वाचली आणि आपलीच वाटली.

बेल्जियमच्या उत्तरेला फ्लेमिश लोक, त्यांची भाषा डच. दक्षिणेला वालून, ते फ्रेंच बोलणारे. १९६२च्या कायद्याने दोघांमधली भाषासीमा पक्की केली आणि काही गावं एका प्रांतातून उचलून दुसऱ्यात घातली. फूरेनची सहा चिमुकली गावं अशीच लिएजमधून लिंबुर्गमध्ये गेली. (त्या गावांच्या भांडणापायी १९८७ साली आणखी एक सरकार पडलं. गाव लहान असतं, दुखणं लहान नसतं.)

खरी ठिणगी पडली ती लूव्हनमध्ये. तिथलं कॅथलिक विद्यापीठ १४२५ सालचं. शहर फ्लेमिश बाजूला, पण विद्यापीठात फ्रेंच विभागही नांदत होता. १९६८च्या जानेवारीत त्या विभागाने तिथेच विस्तार करण्याचा बेत जाहीर केला आणि फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ‘वालून चालते व्हा’ ही त्यांची घोषणा. फेब्रुवारीत पंतप्रधान व्हांडन बुइनांत्स यांचं मंत्रिमंडळ गेलं.

३१ मार्चला मतदान झालं. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचं, त्यामुळे घरी बसून अंग काढून घेण्याची सोय नाही. सर्वांत मोठा ख्रिश्चन सोशल पक्ष दोन भाषांच्या दोन फळ्या करून मतदारांपुढे गेला. २१२ जागांच्या सभागृहात आधी त्याच्या ७७ जागा होत्या. आता दोन्ही फळ्या मिळून ६९. फ्लेमिश अस्मितेची फोल्क्सयुनी १२वरून २०वर गेली, फ्रेंच भाषकांचे दोन पक्ष मिळून ५वरून १२वर. आकडे काही प्रचंड नाहीत. पण त्या निवडणुकीने मोठ्या पक्षांचा कणा मोडला. १९७८पर्यंत ख्रिश्चन, उदारमतवादी आणि समाजवादी, तिन्ही पक्षांची भाषेवरून दोन-दोन घरं झाली. मग फ्लेमिश गावातल्या समाजवाद्याला वालून समाजवाद्याचं म्हणणं पटलं, तरी त्याला मत देण्याची वाट उरली नाही. मला या निवडणुकीतलं सगळ्यांत मोठं नुकसान हेच वाटतं. जागांच्या बेरजेत ते दिसत नाही.

जूनमध्ये आयस्केन्स यांचं सरकार आलं आणि फ्रेंच विभाग हलवायचं ठरलं. वालून प्रदेशात मोकळ्या रानावर लुवँ-ला-नव्ह, म्हणजे नवं लूव्हन, वसवायला घेतलं.

राहता राहिलं ग्रंथालय. तेही वाटलं. ज्या पुस्तकांचे क्रमांक विषम, ती जुन्या गावी राहिली. सम क्रमांकांची नव्या गावी गेली. आमच्या घरी मराठी आणि कन्नड पुस्तकं एकाच कपाटात आहेत. त्यांवर मी अजून क्रमांक घातलेले नाहीत.