लोखंडी टोपीचं आजोळ

दुसऱ्या महायुद्धावरचा कुठलाही हॉलिवूडपट काढून बघा. नॉर्मंडीचा किनारा असो की पॅसिफिकमधलं बेट, अमेरिकी सैनिकाच्या डोक्यावर तीच वाटोळी, जाळी चढवलेली लोखंडी टोपी दिसेल. हनुवटीचा पट्टा बहुधा तसाच लोंबत असतो. तिचं लष्करी नाव एम-वन. ती १९४१ साली सैन्यात आली, युद्ध संपेपर्यंत अशा दोन कोटींहून जास्त टोप्या तयार झाल्या, आणि पुढे कोरिया आणि व्हिएतनामही याच टोपीनं पाहिलं. सैनिकांनी तिच्यात पाणी तापवलं, दाढ्या केल्या, मोजे धुतले. अमेरिकेच्या लढायांचा इतिहास सेनापतींच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या नावानं लिहिला जातो. टोपीचं कूळ शोधायला निघालं, तर ती वाट टोपी घडली त्या डेट्रॉइटवरून शेफिल्डला जाते आणि तिथून वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीपर्यंत येते.

आधी शेफिल्ड. ही टोपी साध्या पोलादाची नव्हे. रॉबर्ट हॅडफिल्ड या कारखानदाराच्या विशीतल्या मुलानं १८८२ साली पोलादात मँगनीज वाढवत नेऊन पाहिलं. थोडं जास्त घातलं की पोलाद काचेसारखं तडकतं, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी त्यापुढे जात नसे. हॅडफिल्ड पुढे गेला. मँगनीज बारा-तेरा टक्क्यांवर पोचल्यावर उलटंच घडलं: पोलाद चिवट झालं, आणि ठोकावं तसं वरून जास्तच कठीण होऊ लागलं. शिवाय त्याला लोहचुंबक चिकटेना. रेल्वेचे सांधे, तिजोऱ्या, दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे या पोलादाचे झाले. पहिल्या महायुद्धात खंदकांत वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या छर्ऱ्यांनी डोकी फुटू लागली, तेव्हा जॉन ब्रॉडीनं १९१५ मध्ये पसरट काठाची टोपी काढली. ती थोड्याच दिवसांत हॅडफिल्डच्या पोलादाची बनू लागली. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली आणि तिनं हीच टोपी उचलली. एम-वन ही तिची पुढची पिढी. घाट बदलला, धातू तोच राहिला.

पण मँगनीजची गरज टोपीपुरती नव्हती. बेसेमरनं १८५६ मध्ये पोलाद स्वस्त केलं खरं, पण ते पोलाद तापवून ठोकलं की फुटायचं. लोखंडातलं गंधक त्याला कारण. रॉबर्ट मशेटनं त्यात मँगनीजयुक्त लोखंड घालून हा दोष काढला. मँगनीज गंधकाला धरून बसतं. तेव्हापासून आजपर्यंत मँगनीज न घालता पोलाद होत नाही, टनामागे काही किलो तरी लागतंच. अमेरिकेला पश्चिमेकडे नेणारे रूळ, १८८३ पासून बांधायला घेतलेल्या पोलादी युद्धनौका, १८९८ मध्ये मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार बुडवणारा ड्यूईचा ताफा, सगळ्यांच्या पोटात हा धातू होता. त्या एका वर्षात अमेरिकेनं पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स घेतले. कोळसा होता, लोखंड होतं, भांडवल तर होतंच. भट्टीला लागेल तसं चांगलं मँगनीज मात्र तिच्या जमिनीत जवळपास नव्हतं. महासत्तेची ही उणीव इतिहासाच्या पुस्तकांत फारशी भेटत नाही.

ते मँगनीज आमच्याकडे डोंगरच्या डोंगर उघडं पडलेलं होतं. नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट असा हा पट्टा. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी निघाली, रामटेकजवळ मनसरला काम सुरू झालं, आणि थोड्याच वर्षांत भरवेली, उकवा, तिरोडी ही नावं लंडनच्या कागदांवर चढली. लुईस फर्मर या भूशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर भलामोठा ग्रंथ काढला आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही ते नाव वापरतात. ज्यांचं नाव दगडाला मिळालं, त्यांना तो दगड फोडण्याची मजुरीच मिळाली. हा व्यवहार काही समतोल म्हणता येणार नाही.

त्याच दशकात गोंदिया-बालाघाट-नैनपूर अशी बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाइन आली. दगड गोंदियाला येऊन मोठ्या गाडीत चढे आणि बंदराकडे जाई. पुढे विशाखापट्टणमचं बंदर १९३३ मध्ये खुलं झालं, तेही मुख्यतः मध्य प्रांताचं मँगनीज बाहेर काढायला.

हा दगड किती मोलाचा होता, ते युद्धात कळलं. १९१४ मध्ये तुर्कांनी डार्डनेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि कॉकेशसचं रशियन मँगनीज अडकलं. अमेरिका ब्राझीलकडे वळली. मार्च १९१८ मध्ये ‘सायक्लॉप्स’ हे अमेरिकी नौदलाचं जहाज ब्राझीलहून मँगनीज घेऊन येताना बार्बाडोस सोडल्यावर ३०६ माणसांसह नाहीसं झालं. बर्म्युडा त्रिकोणाच्या गप्पांत हे जहाज हमखास येतं; त्यात काय भरलं होतं, ते कुणी विचारत नाही.

खरा भारतीय अध्याय शीतयुद्धाचा. १९४९ च्या सुमारास सोव्हिएत रशियानं अमेरिकेला मँगनीज देणं आवळलं. पाठोपाठ कोरियाचं युद्ध पेटलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेचा मँगनीजचा सर्वांत मोठा पुरवठादार भारत होता. त्याच वेळी आपल्याकडे अन्नाची टंचाई होती. जून १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी भारताला गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि त्या कर्जाची फेड अमेरिकेला लागणाऱ्या खनिजांच्या रूपानं करून घेण्याची सोय कायद्यातच ठेवली. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि बालाघाट-भंडारा एकाच राज्यात होते. गव्हाच्या आणि मँगनीजच्या या हिशेबावर मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, याचं मला नवल वाटतं.

आता, भट्टीत वितळलेल्या खनिजाला गाव उरत नाही. अमुक सैनिकाच्या टोपीत भरवेलीचा दगड होता असं म्हणणं बाष्कळपणाचं ठरेल. पण ज्या साठ्यांतून ते पोलाद उभं राहिलं, त्यांत बालाघाट जिल्हा होता, हे नाकारता येत नाही. टोपीचं घराणं डेट्रॉइटचं असेल, आजोळ मात्र एकट्या अमेरिकेत सापडत नाही.

एम-वन आता निवृत्त झाली. १९८३ साली ग्रेनाडावर उतरलेल्या काही अमेरिकी सैनिकांच्या डोक्यावर केव्लार धाग्याची नवी टोपी होती. तिच्यात मँगनीज नाही. रणगाडे आणि जहाजं मात्र अजून पोलादाचीच आहेत, आणि अमेरिकेत १९७० नंतर चांगल्या प्रतीचं मँगनीज खणलंच गेलेलं नाही. ते सगळं बाहेरून येतं.

इकडे ब्रिटिश कंपनीचा कारभार १९६२ मध्ये ‘मॉयल’ या कंपनीकडे आला आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. मुख्यालय नागपूरला. भरवेलीची खाण आता जमिनीखाली ४०० मीटरहून खोल गेली आहे आणि ती आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथला दगड आता देशातल्याच भट्ट्यांत जातो. तोही पुरत नाही, म्हणून भारत दक्षिण आफ्रिका आणि गॅबॉनमधून मँगनीज विकत आणतो.