सेगावच्या लेखाला जेरुसलेमचे उत्तर

१/ नोव्हेंबर १९३८. वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहणाऱ्या गांधीजींचा ज्यूंच्या प्रश्नावरील लेख २६ तारखेच्या ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी जेरुसलेममधील दोन ज्यू विचारवंतांनी त्याला पत्रांद्वारे उत्तर दिले. इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षात मध्यममार्ग शोधणाऱ्यांचा इतिहास फार कमी सांगितला जातो. तो समजून घेण्यासाठी ही पत्रे उत्तम वाट दाखवतात.

२/ आधी पार्श्वभूमी. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने ब्रिटनने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय गृहा’ला पाठिंबा दिला. १९२२ च्या जनगणनेत तेथील ज्यूंचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. हिटलर सत्तेवर आल्यानंतर स्थलांतर वेगाने वाढले आणि १९३९ पर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. १९३६ मध्ये अरबांचे बंड पेटले. एका समाजाला जगभरातील दारे बंद होत होती, तर दुसरा समाज स्वतःच्या घरातच अल्पसंख्य होण्याच्या भीतीने ग्रासला होता. दोन्ही भीती खऱ्या होत्या, आणि पुढचे सारे याच दुहेरी वास्तवातून घडले.

३/ गांधीजींचा लेख येण्यापूर्वी जेमतेम दोन आठवडे जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली होती, दुकाने फोडली गेली होती. गांधीजींनी ज्यूंबद्दल मनापासून सहानुभूती व्यक्त केली. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे काही जिवलग सहकारी ज्यूच होते. मात्र पॅलेस्टाइन अरबांचा आहे, ब्रिटिश संगिनींच्या आधाराने तेथे जाणे अन्यायाचे आहे, आणि जर्मनीतील ज्यूंनी तेथेच राहून सत्याग्रह करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. अरबांनीही अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरे झाले असते, हेही त्यांनी नोंदवले.

४/ उत्तर देणारे दोघे कोण होते? जूडा मॅग्नेस हे अमेरिकेत जन्मलेले धर्मगुरू आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे अध्यक्ष. पहिल्या महायुद्धात त्यांनी उघडपणे युद्धविरोधी भूमिका घेतली होती. दुसरे मार्टिन बूबर हे व्हिएन्नात जन्मलेले तत्त्वज्ञ. १९३८ मध्येच ते जर्मनी सोडून जेरुसलेमला आले होते. दोघेही गांधीजींना मानणारे होते. म्हणूनच तो लेख त्यांच्या जिव्हारी लागला.

५/ दोघांचा मुख्य आक्षेप सत्याग्रहाच्या सल्ल्यावर होता. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या पाठीशी भारतासारखी मायभूमी होती. ज्यूंच्या पाठीशी तसे काहीच नाही, याकडे बूबर यांनी लक्ष वेधले. सत्याग्रहाला साक्षीदार लागतात. जर्मनीत मात्र प्रतिकार करणारा माणूस गुपचूप नाहीसा केला जातो आणि त्याचा बोभाटाही होत नाही, असे मॅग्नेस यांचे म्हणणे होते. छळछावण्या तोवर सुरू झालेल्या होत्या.

६/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गांधीजींवर टीका करताना बूबर यांनी अरबांचा हक्क नाकारला नाही. या भूमीवर दोन समाजांचे दोन दावे आहेत, दोन्ही जीवनमरणाचे आहेत आणि कोणता दावा श्रेष्ठ हे ठरवणारा निर्विवाद तराजू अस्तित्वात नाही, अशी त्यांची मांडणी होती. म्हणून एकाने दुसऱ्याला हरवणे हा तोडगा ठरत नाही. दोन्ही दाव्यांना सामावणारी व्यवस्था शोधावी लागते.

७/ हा विचार अचानक सुचलेला नव्हता. १९२५ मध्ये जेरुसलेममध्ये ‘ब्रिट शालोम’, म्हणजे ‘शांतीचा करार’, हा छोटा गट स्थापन झाला होता. एकाच राज्यात ज्यू व अरब या दोन्ही राष्ट्रांना समान राजकीय अधिकार असावेत, ही त्याची कल्पना. बूबर या विचाराचे पाठीराखे होते. मॅग्नेस सदस्य नसले तरी त्याच दिशेने विचार करत होते. गट लहान होता, अनुयायी थोडे होते.

८/ ऑगस्ट १९२९ मध्ये या विचाराची पहिली कठोर परीक्षा झाली. पश्चिम भिंतीच्या वादातून उसळलेल्या दंगलींत १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. एकट्या हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंची हत्या झाली. त्याच हेब्रॉनमध्ये अनेक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवून जमावापासून वाचवले. एकाच गावाची ही दोन्ही सत्ये आहेत. पुढील काळात राजकारणाने बहुधा त्यांपैकी एकच निवडले.

९/ अरब बाजूचा एक महत्त्वाचा आवाज म्हणजे जॉर्ज अँटोनियस. लेबनॉनमध्ये जन्मलेले हे लेखक जेरुसलेममध्ये राहत आणि मॅग्नेस यांच्याशी त्यांचा संवाद होता. ‘द अरब अवेकनिंग’ हे त्यांचे पुस्तक १९३८ मध्येच प्रसिद्ध झाले. जर्मनीतील ज्यूंच्या छळाचा त्यांनी निःसंदिग्ध निषेध केला. मात्र एका समाजाच्या यातनांचे परिमार्जन दुसऱ्या समाजाला त्याच्या भूमीतून उखडून करता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद आजही विचारात घ्यावा लागतो.

१०/ मग या सुज्ञ माणसांचे एकमत का झाले नाही? कारण प्रश्न केवळ सद्भावनेचा नव्हता. आणखी किती ज्यू येणार आणि ते कोण ठरवणार, हा खरा पेच होता. स्थलांतराला काही काळ मर्यादा घालण्यास मॅग्नेस तयार होते, पण दार बंद करणे त्यांना अशक्य वाटे. आपल्या देशात कोण यावे हे तेथील बहुसंख्याकांनी ठरवावे, ही अरबांची मागणी तितकीच स्वाभाविक होती. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पुढील ५ वर्षांत ७५,००० ज्यूंनाच प्रवेश देण्याचे ठरवले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

११/ १९४२ मध्ये मॅग्नेस, बूबर आणि हेन्रिएटा सोल्ड यांनी ‘इहूद’, म्हणजे ‘ऐक्य’, ही संघटना काढली. पण युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंच्या संहारानंतर, स्वतःच्या राज्याशिवाय सुरक्षितता नाही, ही भावना ज्यू समाजात प्रबळ झाली. द्विराष्ट्रीय राज्याची भाषा करणारे अनेकांना भाबडे, तर काहींना घरभेदी वाटू लागले.

१२/ अरब बाजूला तर मध्यममार्गाची किंमत प्राणांनी चुकवावी लागली. जेरुसलेमच्या प्रतिष्ठित हुसैनी घराण्यातील फौजी दरवीश अल-हुसैनी हे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांचे नातलग. नोव्हेंबर १९४६ मध्ये त्यांनी व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ज्यू-अरब सहकार्यासाठी झटणाऱ्या ज्यू गटाशी समान अधिकारांच्या तत्त्वावर करार केला. त्याच महिन्यात त्यांची हत्या झाली.

१३/ १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीपुढे मॅग्नेस यांनी साक्ष दिली. समितीच्या बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी अल्पमताच्या अहवालात संघराज्याची शिफारस केली. २९ नोव्हेंबरला आमसभेत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले. स्वतःच्या फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

१४/ ९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन व लेही या ज्यू सशस्त्र गटांनी दैर यासीन गावात शंभरहून अधिक पॅलेस्टिनींना ठार केले. १३ एप्रिलला अरब हल्लेखोरांनी स्कोपस टेकडीवरील रुग्णालय व विद्यापीठाकडे जाणाऱ्या ताफ्यावर हल्ला करून सत्तरहून अधिक ज्यूंचे प्राण घेतले. त्यांत डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. हे मॅग्नेस यांचेच विद्यापीठ. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची लेहीच्या लोकांनी हत्या केली. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे मॅग्नेस यांचे निधन झाले.

१५/ युद्धाअंती सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले. ज्यू समाजाने सुमारे ६,००० माणसे, म्हणजे आपल्या लोकसंख्येचा एक टक्का, गमावली. बूबर इस्रायलमध्येच राहिले. नवे राज्य त्यांनी स्वीकारले, पण अरब नागरिकांवरील लष्करी प्रशासनाला ते विरोध करत राहिले. १९६५ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला हिब्रू विद्यापीठातील अरब विद्यार्थी संघटनेच्या प्रतिनिधींनी पुष्पचक्र वाहिले. लष्करी प्रशासन त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये उठले.

१६/ या माणसांना संत ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्यापाशी पक्ष नव्हता, सैन्य नव्हते, मोठा जनाधार नव्हता. समेटाची भाषा करणारे ज्यू विचारवंत स्थलांतराने आकार घेतलेल्या समाजाचेच घटक होते. त्यामुळे त्यांच्या हेतूंविषयी अरबांना शंका वाटणे समजण्याजोगे होते. गांधीजींना जर्मनीतील क्रौर्याची खोली उमगली नव्हती, हेही इतिहासाने दाखवले.

१७/ तरीही मध्यममार्ग म्हणजे कुंपणावर बसणे, हा समज येथे खोटा ठरतो. गांधीजी, बूबर, मॅग्नेस आणि अँटोनियस यांपैकी कोणीही आपली बाजू सोडली नाही. प्रत्येकाने ती ठामपणे मांडली. मात्र समोरच्या समाजाचे दुःख खरे आहे, हे मान्य करूनच. ते दुःख कमी लेखल्याने आपला युक्तिवाद बळकट होतो, असे त्यांना वाटले नाही.

१८/ जेरुसलेमच्या पत्रांना गांधीजींचे उत्तर उपलब्ध नाही. बूबर यांनी मांडलेला पेच मात्र ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडानंतर आणि गाझातील प्रचंड मनुष्यहानीनंतरही सुटलेला नाही. या संघर्षावरील कोणताही ग्रंथ, भाषण वा लेख वाचताना एक साधी कसोटी लावून पाहावी: दुसऱ्या बाजूच्या मृतांसाठी त्यात एखादा तरी प्रामाणिक परिच्छेद आहे का? १९३८-३९ च्या या लेखनात तो आहे.

(थ्रेड समाप्त)